अठरा किलो, अठरा लिटर

बाटलीची गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. जयंतीच्या स्टेजवर, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर मुलीच्या शाळेत पालकांच्या मीटिंगमध्येसुद्धा. टाळ्या पडल्या. कागदाची गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. आई गेली, तिलाही नाही. जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. दोन्ही गोष्टी पंधरा दिवसांच्या आत घडल्या. आज दोन्ही लिहितो. आधी बाटलीची, कारण ती सोपी आहे. तिच्यात मी बरा दिसतो.

"पी," सर म्हणाले.

"पाणी आहे, सर."

"मग पी ना. पाणीच असेल तर घाबरतोस कशाला?"

माझी स्वतःची बाटली. घरून भरून आणलेली. गाळ्यात बाकीची दहा माणसं काम टाकून उभी. माझी बॅग टेबलावर पालथी पडलेली, डबा उघडा, डब्यातली चवळी सगळ्यांना दिसतेय. मी एक घोट घेतला.

"अजून. पूर्ण."

मी पूर्ण बाटली प्यायलो. शर्टावर सांडलं. मागे कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मला माहीत आहे, पण त्याचा दोष नाही. माणसाला उभ्या उभ्या बाटली संपवताना बघितलं की हसू येतं.

"बरं. पाणीच आहे," सर म्हणाले. जणू माझ्यावर उपकार केले.

हे सर म्हणजे आमच्या मालकांचे जावई. भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मालकांचा गाळा होता. आम्ही गंज काढायचं पाणी बनवायचो. ग्रिलवाले, स्टीलवाले कॅन भरून न्यायचे. टबभर पाण्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड, वर थोडं स्पिरिट आणि आणखी एक-दोन औषधं. मालक स्वतः हाताने काम केलेला माणूस. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि जावई बँकेची नोकरी सोडून खुर्चीत येऊन बसले. दोन हजार चार साल असेल. गोरे, शुद्ध बोलणारे, हातात कायम फाइल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. मग फाइल उघडत, "म्हणजे सवलतीतली डिग्री."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. रायगडातल्या आमच्या वस्तीतला पहिला. सवलत काय मिळाली ते मला ठाऊक आहे: गावापासून कॉलेजपर्यंत अकरा किलोमीटर चालायची सवलत. पण तेव्हा मी तसा बोलणारा नव्हतोच.

बॅग उघडायला लावली त्याचं कारण ऐका. म्हणजे कळेल की माणूस किती शिकला तरी किती कोरा राहू शकतो.

अ‍ॅसिडच्या कॅनवर छापलेलं असायचं, पस्तीस किलो. सरांनी केबिन रोडवरच्या दुकानातून लिटरच्या खुणांचे नवेकोरे जग आणले होते. त्यांतल्या एकाने त्यांनी नवा, सीलबंद कॅन मापून घेतला. एकोणीस लिटर भरलं. सरांचे कान लाल झाले. पस्तीसमधून एकोणीस गेले, सोळा लिटर अ‍ॅसिड कुठे गेलं?

"सर, ह्याची घनता एक पूर्णांक चौऱ्याऐंशी आहे. म्हणजे एका लिटरमध्ये—"

"मला शिकवू नकोस. लिटरभर दूध म्हणजे किलोभर दूध. लहान मुलाला कळतं."

दूध! त्या माणसाचं सगळं विज्ञान एका दुधाच्या पिशवीत मावत होतं. पाणी आणि दूध हाताला जवळपास सारखं लागतं, म्हणून जगातलं सगळंच पातळ तसंच असणार. अ‍ॅसिडचा अर्धा भरलेला मग उचलून बघितला असता तरी मनगटाने सांगितलं असतं. पण उचलायचं काम त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. उचलणारे आम्ही. आणि म्हणून चोरही आम्ही.

अकरा माणसांतल्या दोघांच्याच बॅगा त्यांनी उघडायला लावल्या. माझी, आणि फिलूबायची.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना. पालीची कोळीण. उत्तनच्या बाजूचं पाली. तिथून बसने भाईंदर पश्चिमेला यायची, पुलावरून पूर्वेला, आणि आठच्या ठोक्याला गाळ्यात हजर. तेव्हा पंचेचाळिशीची असेल. मालकांच्या वेळेपासून मिक्सिंगच्या टबावर तीच. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या पिशवीतून कागदाची पुडी निघाली. सरांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे?"

"सुकट हाय, सायब. अ‍ॅसिड न्हाय. खाऊन बघ."

लोक हसले, पण या वेळी सरांना. पुडी तिने शांतपणे पिशवीत ठेवली. मी तिथेच उभा होतो, ओल्या शर्टाने. टेबलावरची पालथी बॅग पुन्हा भरायला लागलो.

जाताना सर मला म्हणाले, "आणि तू. यापुढे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढे त्याचा मी काय उपयोग केला, तीच माझी कागदाची गोष्ट.

आता फिलूबायच्या मापाच्या जगाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कृती सगळी किलोत होती. पाणी इतके किलो, अ‍ॅसिड इतके किलो, स्पिरिट इतके. पण टबाजवळ काटा ठेवला की अ‍ॅसिडच्या वाफेने महिन्या-दोन महिन्यांत खलास. म्हणून मालकांनी जुन्या काळी एक युक्ती केली होती. एक आरपार दिसणारा प्लास्टिकचा जग घेतला. काट्यावर ठेवून त्यात बरोबर एक किलो अ‍ॅसिड ओतलं आणि जिथपर्यंत आलं तिथे बाहेरून लाल पट्टी चिकटवली. मग धुऊन एक किलो पाणी, निळी पट्टी. मग एक किलो स्पिरिट, पिवळी. एकच जग, एकच वजन, पण तीन पट्ट्या तीन उंचीवर. लाल सगळ्यांत खाली, जेमतेम मध्यावर. निळी तिच्या बरीच वर. पिवळी अगदी काठाजवळ. जड असेल ते कमी जागा खातं, हलकं असेल ते जास्त. मी कॉलेजात जे सूत्र पाठ केलं, वस्तुमान भागिले घनता बरोबर आकारमान, ते त्या जगावर तीन रंगांत चिकटवलेलं होतं. फिलूबाय लालपर्यंत अठरा जग अ‍ॅसिड मोजायची. अठरा किलो. वर्षानुवर्षं. एकही बॅच परत आली नाही.

सरांनी तो जग बघितला आणि म्हणाले, "हे काय हळदीकुंकू लावून ठेवलंय?" आणि भंगारात टाकायला सांगितला. फिलूबायने तो उचलून पिशवीत घातला.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊला टबाच्या वर भिंतीवर एक तक्ता लागला. कॉम्प्युटरवर छापलेला, वर लॅमिनेशन. मथळा: सुधारित कृती. चोरी थांबवायला सगळं आता लिटरमध्ये. जुन्या कृतीतले आकडे सरांनी जसेच्या तसे ठेवले होते, फक्त किलोच्या जागी लिटर. पाणी ऐंशी लिटर. ठीक. अ‍ॅसिड अठरा लिटर.

मी वाचलं. अठरा गुणिले एक पूर्णांक चौऱ्याऐंशी. तेहेतीस किलो. हिशोबाला मला दोन सेकंद लागले असतील.

आणि मी गप्प राहिलो.

विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ना? नाही उघडत. होऊ दे बॅच खराब. परत येऊ देत कॅन. ग्रिलवाल्यांच्या शिव्या खाऊ दे. त्याच्या तक्त्याने त्याचंच नाक कापू दे. मला गोड वाटत होतं. अपमान झालेल्या माणसाला अशी गोडी लागते, ती मी आता ओळखतो आणि तिची मला किळस येते.

फक्त बॅच बिघडेल असं मी धरून चाललो होतो, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं आहे. अ‍ॅसिड पाण्यात ओतलं की पाणी तापतं. जवळजवळ दुप्पट ओतलं की भयंकर तापतं. हे बारावीच्या पोरालाही माहीत असतं. मी केमिस्ट होतो.

फिलूबायला आकडे वाचता येत नव्हते, पण तक्ता मात्र तिलाच कळला. नव्या जगाने खुणेपर्यंत लिटर भरून ती ओतत होती. अ‍ॅसिड पाण्यात, बारीक धारेने, जसं ओतायचं तसंच. दहाव्या जगाला थांबली.

"सायब, ह्या जास्त हाय."

"तक्त्यावर आहे तेवढं ओत."

"जास्त हाय, सायब. टब तापला, हात लावून बघा."

"तू मला शिकवणार?"

तेव्हा ती माझ्याकडे वळली. मी चार पावलांवर होतो. तिने गॉगल कपाळावर सरकवला.

"केमिस, तू सांग. बरोबर हाय का?"

आता मला विचारलं होतं. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा आडोसा संपला होता. सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही.

"सर सांगतायत तसं कर," मी म्हणालो.

तिने गॉगल खाली घेतला आणि अकरावा जग भरला.

सोळाव्या की सतराव्या जगाला टब वाकला. प्लास्टिक आतून मऊ पडलं होतं, एका बाजूने पोट फुगलं, कड खाली आली आणि आतलं सगळं त्या बाजूने बाहेर आलं. फिलूबाय मागे सरली, पण पुरती नाही. ती किंचाळली नाही. "येसू" म्हणाली, एकदाच, आणि चप्पल काढायला लागली. चप्पल निघेना. मी पाण्याची नळी आणली. नळी मीच आणली, हे मी स्टेजवर सांगतो.

दोन्ही पाय. डावा जास्त. तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बसा," म्हणाले.

तीन वर्षांच्या नोकरीत त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. आणि 'बसा'. पहिल्यांदा 'तुम्ही'.

"तुम्ही सुशिक्षित आहात. तुम्हाला परिस्थिती कळते. या अंगठेबहाद्दर लोकांना मापाचं काय कळतं? ती स्वतःचा जुना जग वापरत होती. सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही केमिस्ट म्हणून फक्त तेवढं लिहून द्या."

कागद तयार होता. कामगाराने मनाई असताना स्वतःच्या, प्रमाणित नसलेल्या जगाने माप घेतलं, त्यामुळे प्रमाण चुकलं. खाली माझं नाव, पद, आणि सहीसाठी रेघ.

भिंतीवर तक्ता नव्हता. लॅमिनेशनसकट गायब. तेवढी अक्कल त्या माणसाला होती.

मी सही केली. धमकी नव्हती. नोकरी घालवीन असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. एका 'तुम्ही'वर काम झालं. ज्याने आठवड्यापूर्वी मला जनावरासारखं पाणी पाजलं, त्याने खुर्ची पुढे केली आणि मी बसलो. त्याच्याबद्दल मला तिरस्कार आहे. पण तो निदान त्याच्या घरच्या रीतीने वागला. मी कोणाच्या घरच्या रीतीने वागलो?

हीच ती कागदाची गोष्ट. अजून संपली नाही.

आठवड्याभराने सरकारी खात्यातून कोणीतरी चौकशीला येणार असं कानावर आलं. सर म्हणाले, "तो जग तिच्या घरी आहे. घेऊन या. पट्ट्या काढून बिनखुणांचा करू आणि कपाटात ठेवू. कोणी आलंच तर दाखवायला." मी निघालो. पालीला पहिल्यांदाच जात होतो. अरुंद गल्ली, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने मागे जायचं. फिलूबाय ओट्यावर खुर्चीत, दोन्ही पाय बँडेज बांधून स्टुलावर.

"आला का केमिस! सूनबाय, चाय ठेव. कारखान्यातून कोणीच न्हाय आला, यो एकटाच आला."

मी भेटायला आलोय असं तिला वाटलं. मी जगाचं सांगितलं. का हवाय ते नाही सांगितलं. तिने विचारलंही नाही.

"ने बाबा. कारखान्याची वस्तू हाय. नव्या बायला लागंल." सुनेने आतून जग आणला. फिलूबायने तो हातात घेतला, लाल पट्टीवर नख फिरवलं. "मना हाताला कळत होता रे. आमी दर्यावरची माणसं. डिझेलचा भरलेला कॅन बोटीतून पडला तर तरंगत ऱ्हातो. गोड्या पाण्याचा कॅन पडला तर नुसतं डोकं वर ठेवतो. तुझ्या अ‍ॅसिडचा कॅन पडला तर सरळ तळाला. एकाच मापाचे कॅन, पण एकसारखे न्हाय. त्या सायबाला कोणी सांगितला न्हाय का ह्या?"

मी चहाच्या कपात बघत होतो.

"मी तर थांबलीच होती," ती म्हणाली. "तू बोलला म्हणून ओतला. केमिस बोलला म्हणजे बरोबर असंल."

तिने हे टोचून म्हटलं नाही. टोचून म्हटलं असतं तर मी आज इतका जड नसतो. तिने ते सरळ म्हटलं, जसं कोणी म्हणतं की भरती होती म्हणून बोट आली. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच. मला वाटतं माझ्या आयुष्यात तिच्याआधी कोणी माझ्या डिग्रीवर विश्वास ठेवला नव्हता. गाववाल्यांनी नाही, सरांनी नाही. तिने ठेवला. आणि तिचेच पाय भाजले.

चहा संपवून मी उठलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. सून समोर होती, दार उघडं होतं, वेळच वेळ होता. मी जग घेऊन बसमध्ये बसलो.

पुढचं सगळ्यांना आवडतं. गाळ्यात आलो. सर म्हणाले, "आणलात? पट्ट्या काढा."

मी म्हणालो, "नाही."

ऑफिसातला काटा मी बाहेर आणून सगळ्यांच्या मधे ठेवला. फिलूबायचा जग वर ठेवला, त्याचं वजन वजा केलं, लाल पट्टीपर्यंत अ‍ॅसिड ओतलं. एक किलो. धुतला, निळीपर्यंत पाणी. एक किलो. पिवळीपर्यंत स्पिरिट. एक किलो. मग सरांचा नवा जग ठेवला आणि लिटरच्या खुणेपर्यंत अ‍ॅसिड ओतलं.

"वाचा, सर."

सर वाचेनात. पॅकिंगच्या दुबेने वाकून वाचलं. "एक किलो आठ सौ चालीस." मग सरळ होऊन, "अरे बाप रे. तो बाई सच बोल रही थी."

"तक्त्यावर किलो खोडून लिटर तुम्ही लिहिलंत, सर. तिचा जग बरोबर होता. तुमचा तक्ता चुकीचा होता."

"चालता हो इथून," सर म्हणाले. पुन्हा 'तू' झालो होतो.

"चाललोच आहे. बॅग तपासायची आहे का? बाटली भरलेली आहे, हवी तर तुम्ही प्या."

इथे टाळ्या पडतात. दर वेळी. मी हात जोडतो आणि खाली उतरतो.

टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकानेही आजवर मला एक साधा प्रश्न विचारला नाही: भाऊ, तुम्हाला हे कधी कळलं? तोच काटा, तेच अ‍ॅसिड, तोच केमिस्ट. जे मी त्या दिवशी करून दाखवलं ते सोमवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी करता आलं असतं. मी तेव्हा केलं असतं तर ते बंड झालं असतं. तिचे पाय भाजल्यावर केलं, तो तमाशा झाला.

आणि कागद? तो मी परत मागितला नाही. फाडला नाही. काट्यापाशी उभा राहून एवढं बोललो, पण 'मी खोटी सही केली आहे' हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. माझ्या सहीने तो कागद फाइलमध्येच राहिला. त्याच्याच जोरावर फिलूबायला परत कामावर घेतलं नाही. कोणी चौकशीला आलं असेल तर त्याला तोच दाखवला असेल. शिकलेल्या माणसाची सही होती ना.

महिन्या-दीड महिन्यांनी दुबे माझ्या खोलीवर आला. हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. "फिलूबाई ने भेजा है. बोली, केमिस मेरे वास्ते साहब से लड़ा."

मी ते घेतले. घरात भाजले. खाल्ले.

पुढे मला दुसरीकडे नोकरी मिळाली, मग तिसरीकडे. आता भाईंदर पश्चिमेला स्वतःचं घर आहे. हाताखाली सहा पोरं आहेत. नवा पोरगा आला की मी त्याला पहिल्या दिवशी घनतेचा तक्ता पाठ करायला लावतो आणि सांगतो, लिटर लिहिलेलं असो की किलो, आधी विचार. तो मान डोलावतो. त्याला वाटतं मी कडक शिस्तीचा माणूस आहे.

सरांना मी दोष देत राहीन, मरेपर्यंत. ज्याला उचलायचं वजन माहीत नाही आणि तरी मापं ठरवायची हौस आहे, त्याची मला दया येत नाही, किळस येते. पण त्याच्या पापामागे मी माझं लपवलं, वीस वर्षं. त्याने माझा अपमान केला होता हे खरंच आहे. म्हणून माझ्या गप्प बसण्याला तो कारण झाला, असं नाही. अपमान माझा झाला आणि वसूल मी तिच्या पायांवर केला. आमच्या लोकांवर असंच तर होत आलं. वरच्याने मारलेलं खालच्याने आणखी खालच्यावर काढायचं. मी शिकून तेच केलं, फक्त मला हिशोब दशांशात येत होता.

फिलूबाय अजून आहे. मागच्या महिन्यात उत्तनच्या बसमध्ये पालीची एक बाई भेटली, तिला विचारलं. मासे विकायला बाजारात बसत नाही, डावा पाय धरतो, पण रविवारी चर्चला मिसाला जाते, म्हणाली.

बाटलीची गोष्ट मी आता कुठेही सांगणार नाही. यंदाच्या जयंतीला बोलायला या म्हणून मंडळाची पोरं आली होती. त्यांना नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा हा मजकूर लिहायला घेतला.

या रविवारी मी पालीला जाणार. तिने माफ करावं म्हणून नाही. माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेणं. तिच्या ओट्यावर, तिच्या सुनेसमोर, गल्लीतल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगणार: बरोबर नव्हतं. अठरा लिटर म्हणजे तेहेतीस किलो होतं. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. आणि तुझ्याविरुद्धच्या कागदावर सही माझी आहे.

एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.